लाटेपलीकडचा हात

सुरतेच्या लिंबायतमध्ये रिक्षाचं हूड फाटलं की लोक हर्षदा बोरसेकडे येतात. घराच्या पुढच्या खोलीत तिचं जाड कापडाचं मशीन आहे. रेक्झिन, कॅनव्हास, ताडपत्री, काहीही तिच्या सुईखालून जातं. नवरा लखन रिक्षा चालवतो. दोघांचे वडील धुळ्याकडून लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. चौतिसाव्या वर्षापर्यंत हर्षदाने समुद्र दोन-तीनदाच पाहिला होता, तोही डुमसला, भजी खात, साडी घोट्यांच्या वर धरून.

एका मार्चमध्ये पराग टिपणीस नावाचे पंचावन्न-छप्पन वर्षांचे गृहस्थ तिच्या दारात आले. त्यांच्या हातात काचेसारख्या पारदर्शक, कडक कापडाची मोठी गुंडाळी होती आणि ती मधोमध फाटली होती.

"हे कुठल्या गाडीचं?" हर्षदाने विचारलं.

"गाडीचं नाही, हे शीड आहे," ते म्हणाले. सुवाळीच्या किनाऱ्यावर ते विंडसर्फिंग शिकवत. बोर्डवर उभं राहायचं, हे शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं. सुरतेत असली शिडं शिवणारं कुणी नव्हतं.

हर्षदाने दोन दिवस लावून ते शिवलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तिसरं परत देताना ती म्हणाली, "सर, एकदा हे चालताना बघायचंय."

रविवारी लखनने तिला रिक्षातून नेलं. मळकट तपकिरी पाणी, काळी वाळू, दूर हजीऱ्याच्या चिमण्या. पराग सर आत निघाले होते. समोरून लाट उभी राहिली. हर्षदाला वाटलं, आता आपटणार. पण बोर्ड लाटेवर चढला, पाण्यातून सुटला, डोळ्याचं पातं लवेपर्यंत हवेत राहिला आणि पलीकडे उतरला. तिने लखनचं मनगट पकडलं.

"बाईले जमी का हाई?"

लखन हसायला लागला होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

आधी एक वर्ष ती महापालिकेच्या जलतरण तलावात बायकांच्या वेळेत पोहायला शिकली. मग समुद्र. पहिला उन्हाळा ती सैल कुर्ता घालूनच उतरली. ओला कुर्ता पायांना गुंडाळला जाई, ती पडे, किनाऱ्यावर मका खाणारी माणसं मोबाईल काढत. शेवटी तिने कुर्ता सोडला आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातले. गल्लीत आठवडाभर चर्चा झाली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून हुडं शिवत राहिली. तिसऱ्या वर्षी ती सरळ रेषेत आत जाऊन वळून परत येऊ लागली. चौथ्या वर्षी सरांनी नवशिक्यांचे पहिले धडे तिच्याकडे सोपवले. शिडं फुकट शिवून द्यायची आणि शिकवायचं, त्या बदल्यात सरांच्या क्लबचा एक बोर्ड तिचा.

उडी मात्र जमत नव्हती.

दोन मोसम ती पडली. चूक कुठे होते हे तिला तोंडपाठ होतं. लाट जवळ आली की भीतीने हात सैल पडत, शिडातला वारा जाई, वेग मरे, आणि मेलेल्या वेगाने लाटेवर चढलेल्या बोर्डला लाट उचलून मागे फेकते. सर सांगून थकले होते. "लाटेला घाबरून हळू होऊ नका. उलट जोर धरा. लाटेचा सगळ्यात उभा भाग शोधा. बोर्डचं टोक सुटलं की पाय पोटाशी ओढा, खालून वारा शिरू द्या. उतरताना मागची बाजू आधी." आणि प्रत्येक वेळी शेवटी एक वाक्य असे. "त्याआधी पलीकडे बघा. पलीकडे कुणी आहे अशी नुसती शंका आली तरी शीड सोडून पाण्यात पडायचं. उडी नंतर मिळते."

हे वाक्य हर्षदाही नवशिक्यांना ऐकवत असे.

त्या नवशिक्यांत पल्लवी होती. चोवीस वर्षांची, उधन्याला राहणारी, साड्यांच्या छपाईच्या एका कारखान्यात डिझाईन काढणारी. वडील जळगावचे, बँकेत. आईचा या सगळ्याला विरोध होता. पण पल्लवी तिला सांगे, "हर्षदाताई आहेत ना तिथे." नवशिक्यांना सर पिवळ्या लांब बाह्यांचे टीशर्ट देत, पाण्यात लांबून दिसावेत म्हणून. पडलं की एक हात सरळ वर करायचा. त्याचा अर्थ, मी इथे आहे.

मे महिन्याचा तो रविवार. डावीकडून तिरका, भरलेला वारा. किनाऱ्यावर गर्दी, एका कॉलेजची मुलं चित्रण करत होती. हर्षदा त्या दिवशी तीनदा पडली होती, तीही त्यांच्यासमोर. पल्लवी उथळ पाण्यात घुटमळत होती. हर्षदा तिच्या बाजूने खोल पाण्याकडे जाताना ओरडली, "ये गं बाहेर, काही होत नाही!" खरं तर नवशिक्यांनी लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे जायचं नव्हतं. पण हर्षदाला ती धीट व्हावीशी वाटली, आणि आपल्याला कुणीतरी जवळून बघावं असंही वाटलं. पल्लवी गेली, दोन लाटा पार केल्या आणि पडली.

हर्षदा वळून पुन्हा लाटांकडे निघाली. कमरेचा पट्टा शिडाच्या दांडीला अडकवलेला, पाय बोर्डवरच्या पट्ट्यांत घट्ट, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात सैल पडले नाहीत. समोर लाट उभी राहत होती, तिला हवी होती तशी, एका बाजूने उंच. त्या लाटेच्या खांद्यावरून तिला पलीकडे पिवळी बाही दिसली. वर केलेली.

तिने शीड सोडलं नाही.

पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की तिला जागा पुरेशी वाटली होती. मग तेही तिने सोडून दिलं. तिला काहीच वाटलं नव्हतं. तिला फक्त ती लाट हवी होती.

बोर्ड सुटला. पाय पोटाशी आले. खाली पाणी नव्हतं, आवाज नव्हता. किनाऱ्यावरून ओरडा उठला तो तिने हवेत ऐकला. मागची बाजू आधी टेकली, गुडघे वाकले, अगदी जसं सांगितलं होतं तसं. आणि बोर्ड पुढे घसरत गेला तो डोक्यावर हात धरलेल्या पल्लवीवर.

पल्लवीच्या उजव्या हाताची, मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली.

हर्षदानेच तिला धरून किनाऱ्यावर आणलं. पोरगी रडत नव्हती, दात वाजत होते. पराग सर धावत आले. गाडी बोलावली, हात फळीला बांधला, आणि मग त्यांनी हर्षदाकडे पाहिलं.

"दिसली नाही तुम्हाला?"

"नाही सर."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सर अजून बघत होते आणि भोवती माणसं गोळा झाली होती. हर्षदा म्हणाली, "मी तिला रेषेच्या आतच राहा म्हटलं होतं. ती कशी बाहेर आली, काय माहीत."

वाळूवर बसलेल्या पल्लवीने मान वर केली. कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तशी. मग ती म्हणाली, "सॉरी ताई. माझंच चुकलं."

शस्त्रक्रिया झाली, हाडांना धातूची पट्टी बसवली, तीन महिने हाताने काम बंद. कारखान्याने पल्लवीची जागा ठेवली, पण तिची डिझाईनं दुसऱ्या कुणाला दिली. आणि हर्षदाच्या उडीचं चित्रण लिंबायतभर फिरलं. कॉलेजच्या मुलांनी ते बोर्ड पाण्याला टेकतो तिथे कापलं होतं. हवेतली हर्षदा तेवढी दिसत होती. हूड शिवायला आलेले रिक्षावाले मोबाईल तिच्यासमोर धरत. "भाभी, आ तमे?" ही तुम्हीच का, असं विचारत. ती मशीनवरून मान वर करत नसे. लोक म्हणत, किती साधी बाई आहे.

जूनच्या शेवटी गल्लीतल्या मंडळाने तिचा सत्कार ठेवला. नको म्हणण्याचं कारण तिला सांगता येईना. शाल, नारळ, बायकांची गर्दी. स्टेजवर बसल्यावर तिला तिसऱ्या रांगेत पल्लवी दिसली, गळ्यातल्या झोळीत हात. कुणी बोलावलं होतं कोण जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा पल्लवी डावा हात मांडीवर आपटत होती. हर्षदाने शालीचं टोक तोंडाशी धरलं. बायकांना वाटलं, भरून आलं.

त्यानंतर ती पाण्यात उतरली तरी लाटेजवळ जाईना. कधी वाऱ्याचं कारण सांगे, कधी पाठीचं. लखनला ते कळलं.

"तुले भ्याव वाटस का?" त्याने एकदा परतीच्या रस्त्यावर विचारलं.

तिने त्याला सगळं सांगितलं. हात दिसला होता. बाहेर आपणच बोलावलं होतं. लखनने रिक्षा कडेला घेऊन बंद केली. मग म्हणाला, "हाड जुळी गयं ना तिनं? मंग आते कसाले उकरी काढस? कोणले सांगू नको."

तो तिच्या बाजूने बोलत होता. तरी तिला वाटलं, याने दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. आपली लाज आता आपल्या घरातही मावली, कुणाला खुपेनाशी झाली, याचीच तिला जास्त लाज वाटली.

पुढच्या मार्चमध्ये नवे नऊ जण आले. सरांनी त्यांना वाळूवर अर्धगोल बसवलं. हर्षदा शेजारी बोर्ड पुसत होती. सर म्हणाले, "ही रेषा. तुम्ही हिच्या पलीकडे जायचं नाही. गेल्या वर्षी आमची पल्लवी सांगितलेलं न ऐकता गेली आणि हात मोडून बसली. शिकवणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. पल्लवीसारखं कुणी..."

"सर, थांबा," हर्षदा म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. मग ती उभ्याउभ्याच बोलली. "तिला बाहेर मी बोलावलं होतं. आणि ती मला दिसली होती. हात वर केलेला दिसला होता. तरी मी उडी मारली. खोटं मी बोलले."

नऊ जणांपैकी एकाने हातातली बाटली हळूच खाली ठेवली. पराग सरांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते नव्या लोकांना म्हणाले, "दहा मिनिटं पाणी प्या." हर्षदाला ते बाजूला घेऊन गेले.

"वर्षभर मी त्या मुलीचं नाव घेऊन लोकांना शिकवतोय."

"हो सर."

"यंदा तुम्ही पाण्यात उतरणार नाही. शिकवणार तर अजिबातच नाही." ते चालायला लागले आणि वळले. "पल्लवीला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी ती उधन्याला गेली. दार पल्लवीच्या आईने उघडलं आणि तिला ओळखून पाणी आणायला आत गेली. ते पाणी हर्षदाने घेतलं नाही. पल्लवी टेबलाशी बसून काहीतरी रंगवत होती. मनगटापासून कोपराकडे गेलेला व्रण दिसत होता. हर्षदाने सरांना सांगितलं तेच, त्याच शब्दांत सांगितलं.

पल्लवीने ब्रश खाली ठेवला.

"मला आठवत होतं," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारलीत ते. 'ये गं बाहेर.' मी डॉक्टरांना विचारलं, मार बसला की नसलेलं आठवतं का? मला वाटलं माझंच डोकं फिरलं. ताई हाक मारतील आणि नाही म्हणतील, असं कसं होईल?"

हर्षदा त्या व्रणाकडे बघत राहिली.

"आई तुम्हाला नावं ठेवायची तर मी तिच्याशी भांडायचे. तुमच्या सत्काराला मी बसने आले. एका हाताने दांडा धरून."

"पल्लवी, मी..."

"माफी मागू नका," पल्लवी म्हणाली. "मागितलीत तर मला काहीतरी म्हणावं लागेल. तुम्ही जा आता."

हर्षदा जिना उतरली. खाली लखन थांबला होता. ती मागे बसली आणि त्याने रिक्षा सुरू केली.

तो मोसम ती किनाऱ्यावर राहिली. शिडं शिवली, बोर्ड धुतले, आणि शिट्टी घेऊन पाण्यात कोण कुठे आहे ते बघत उभी राहिली. हे काम सरांनी दिलं नव्हतं. तिने घेतलं आणि त्यांनी नको म्हटलं नाही. गल्लीतही बातमी पोहोचली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मंडळाच्या फलकावरचा तिचा फोटो एका दिवशी निघाला. तिला तो निघाल्याचं बरं वाटलं.

मेमध्ये पल्लवी परत आली. सरांकडे शिकू लागली. हर्षदाला तिने पाहिलं, मान हलवली. त्यानंतर ती तिला कधी ताई म्हणाली नाही. कामापुरतं 'हर्षदाबेन' म्हणे, गुजराती शेजारणीला म्हणावं तसं.

त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी हर्षदाला बोर्ड दिला. तिला वाटलं होतं शरीर विसरलं असेल, पण हात सैल पडले नाहीत. प्रत्येक लाटेपुढे ती आधी पलीकडे बघे, मग पुन्हा बघे, आणि दहातल्या आठ वेळा शीड सोडून पाण्यात पडे, पलीकडे कुणी नसतानाही. उरलेल्या दोन वेळा ती उडी मारे. चांगली मारे. खाली आल्यावर किनाऱ्याकडे मात्र पाहत नसे.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती शीड गुंडाळत होती. पल्लवी पाण्यातून आली, बोर्ड वाळूवर टाकला, दम घेतला. तीही आता लाटांवर जाऊन आपटत होती.

"हर्षदाबेन, पाय नेमके कधी ओढायचे? टोक सुटल्यावर, की त्याच्या आधी?"

"सुटल्यावर," हर्षदा म्हणाली. "आधी ओढलेस तर लाट मागे टाकते. टोक सुटलं की लगेच, दोन्ही एकदम."

"बरं."

पल्लवी बोर्ड उचलून परत पाण्याकडे गेली. एवढं सगळं सांगताना हर्षदा हातातल्या शिडाकडेच बघत होती.