मे महिन्यातलं भरीत
शेजारच्या परसात कोणी कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या, की त्या धुराबरोबर मला ते मे महिन्यातलं भरीत आठवतं. भरीत खरं तर थंडीतलं. उन्हाळ्यात वांगी बियांनी भरतात, कडू लागतात, आणि काळं बी दिसलं की वडील अख्खं वांगं गुरांपुढे टाकायचे. पण त्यांच्या घशाचं दुखणं डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलं होतं. थंडीपर्यंत थांबून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनीच पाचोऱ्याहून, धुळ्याहून सगळ्यांना बोलावून घेतलं. नाकात नळी, तरी उन्हं कलल्यावर परसात बसून त्यांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी स्वतः भाजली. सोलली, तर आत सगळं काळं बी. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी बी दिसेनासं होईपर्यंत भरीत कुटायला लावलं. पंगत बसली तेव्हा घोगऱ्या आवाजात त्यांनी काकांना विचारलं, "कसं शे?" काका घास गिळून म्हणाले, "भारी शे, भाऊ!" मग सगळेच तसं म्हणाले. वडिलांनी मान हलवली आणि खुणेनं प्रत्येकाच्या पानात पुन्हा वाढायला लावलं. ते कडू भरीत आम्ही चाटूनपुसून संपवलं. आता दर थंडीत घरी भरीत होतं. वांगी चांगली असतात; कसं झालंय, ते कोणी विचारत नाही.