मामांचा उजवा अंगठा

साऱ्या साकोली तालुक्यात स्वतःच्या पायांचा एवढा गर्व असलेला माणूस माझ्या सानगडीच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. धानाच्या बांधीत चप्पल घालून उतरणं त्यांच्या लेखी पापच. पण गेल्या वर्षापर्यंतची पाच-सहा वर्षं ते बाजारातही अनवाणीच हिंडत. बाभळीचा काटा रुतला तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. "तुमच्यासारखे कारखान्यातले पाय नाहीत माहे," हे मला दर भेटीत ऐकावं लागे. कसला पराक्रम? शुगरनं पायांच्या नसा मारून टाकल्या होत्या, एवढंच. मामीनं सांगितलं, मी सांगितलं, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं. मामांनी आम्हा तिघांनाही भित्रं ठरवलं.

गेल्या वर्षी रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपून ते जवाहरनगरला माझ्या कारखान्याच्या क्वार्टरवर आले. चालताना फरशीवर टक्, टक् वाजू लागलं. मी त्यांचा पाय उचलून पाहतो तर उजव्या अंगठ्याखाली गंजका खिळा, भोवती पू. कधीचा होता कुणास ठाऊक. मामीला आठवडेच्या आठवडे वास येत होता, तर यांनी तिला चिखलाचा आहे म्हणून गप्प केलेलं. वर मला हसून म्हणतात, "आवाज नसता झाला तं मले समजलंच नसतं बाप्पा." वडीलधाऱ्या माणसावर हात उगारावा असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

दवाखान्यात सर्जननं जखमेत बोथट सळई घातली, ती थेट हाडाला लागली. हाड सडलं होतं. ते काढलं नसतं तर पाऊल गेलं असतं, मग पाय. एवढं ऐकून मामांनी विचारलं काय, तर "धान कापाले जाता येईल नं?" भूल पायापुरतीच होती. त्यामुळे ऑपरेशन चालू असतानाही ते सर्जनला शिकवत होते, असं नर्सनं मला सांगितलं: "मुळासकट काढा जी, गवत अर्धवट निंदलं का पुन्हा फुटते." अंगठा आणि मागचं सडकं हाड गेलं, पाय वाचला. जखम भरायला महिने लागले. पुढं जन्मभर खास जोडा. अनवाणी एक पाऊलही नाही.

यंदाच्या रोवण्याला मी मुद्दाम सानगडीला गेलो. वर्षभराचा राग साठला होता, तो मामांच्या तोंडावर बोलून मोकळं व्हायचं होतं. मामा बांधीकडेच्या धुऱ्यावर खुर्ची टाकून, जोडे घालून बसले होते आणि रोवणाऱ्या बायांच्या ओळी वाकड्या ठरवत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वाकून मनगटापर्यंत हात चिखलात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"थंडा आहे," ते हळूच म्हणाले. "इतके वर्स रोज यातच उभा होतो मी. मले मालूमच नव्हतं."