मध्यांतराला उठणारे काकाजी

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. वसतिगृहाच्या सिस्टरनी ते माझ्या हातात देताना टपालखात्याच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. हल्ली पत्रं फार हयगयीने हाताळतात, म्हणाल्या. त्या दक्षिणेकडच्या. आमच्याकडे मृत्यूच्या पत्राचा कोपरा मुद्दाम फाडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. पायरीवर उभी राहूनच ते वाचलं. पुलगावचे माझे काकाजी गेले होते. सकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये जायला निघताना, कोट अंगात चढवता चढवता. मला रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा जे आलं ते इथे लिहिते, कारण या वेळी खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे… आता मध्यांतरानंतरही बसता येईल, असं मनात आलं.

तेरावा झाल्यावर वर्ध्याहून याच साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं. काकाजी त्यांचे जुने स्नेही. त्यांनी लिहिलं होतं की पुलगावचा रसिक गेला, त्याच्यावर पुतणीनेच लिहावं, आणि चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या त्या लेखाच्या धाटणीचं लिहावं. मी होकार कळवला. सोबत एक अट घातली, की छापण्यापूर्वी हा मजकूर घरच्या कोणालाही दाखवू नये. त्यांना ती अट विचित्र वाटली असेल. पुढे वाचतील तेव्हा वाटणार नाही.

काकाजी कापसाचे पारखी होते. हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागे आणि काकाजी एकेका बंडीजवळ जाऊन कोपरापर्यंत हात आत खुपसत. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली ओला, किडका कवडी माल, ही युक्ती त्यांच्यापुढे कधी चालली नाही. तळातून मूठभर काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून धागा ओढायचा, आणि शब्द टाकायचा. तो शब्द फिरत नसे. या कामात ते खोटे नव्हते, हे मला मान्य आहे. पण माणसाला एका गोष्टीत मान मिळाला की तो तीच मूठ घेऊन सगळीकडे फिरतो. काकाजी ती घेऊन सिनेमाला गेले.

गावातल्या पत्र्याच्या थिएटरात शुक्रवारी सिनेमा बदले. रविवारी तीनच्या खेळाला आम्ही जायचो. काकाजी मागे खुर्चीत, मी आणि काकू बाजूच्या बायकांच्या बाकांवर, मध्ये जाड पडदा. दिवे लागले की पडदा ओढून घेत, अंधार झाला की सरकवत. मध्यांतर झालं आणि काकाजींना सिनेमा पसंत नसला, तर ते उभे राहत, धोतर झटकत, टोपी घालत आणि चहूकडे एकदा पाहून बाहेर पडत. त्यांच्यामागे दहापंधरा माणसं तरी उठत. मग दारवाला पडद्यातून तोंड आत घालून हाक मारी, ‘काकाजीची मंडळी!’ काकू ताबडतोब चपला शोधू लागे. हाक आली नाही तर सिनेमा चांगला. त्या पडद्याआड आमच्या घरच्या बायकांची रसिकता एवढीच होती. थिएटरचा मालक मध्यांतर व्हायच्या आधीच खुर्चीवर चहा पाठवी. काकाजी चहा घेत आणि तरी उठत, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मी एकदाच त्यांना विचारलं होतं, की अर्धा पाहून कसं कळतं. ते हसले. ‘बेबी, बंडी पारखाले कोनी अख्खी बंडी उपसते काय? मुठीतच समजते.’ मला नेहमीच उशिरा सुचतं. बंडीत ते तळाशी हात घालत, सिनेमात मात्र वरचाच कापूस पाहत, हे मला नागपूरच्या आगगाडीत बसल्यावर सुचलं.

ते कोणत्याही सिनेमाचं नाव घेत नसत. घोडेवाला, विहीरवाली, दोन जावांचा, असं म्हणत. त्यामुळे गावातही तसंच म्हणत आणि मलाही तीच सवय लागली आहे, म्हणून इथेही नावं नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला फराळाला आळीतली माणसं जमत आणि काकाजी वर्षाचा निकाल सांगत. तीन पास. बाकीचे पडले. कोणी भीत भीत म्हणे, ‘काकाजी, तो विहिरीचा काही इतका बेकार नोयता.’ काकाजी त्याच्याकडे पाहून विचारत, ‘तू कोनत्या खुर्चीवर होता?’ तो माणूस बिचारा पुढे जमिनीवर बसलेला असे. सगळे हसत. तोही हसे. मला ते हसू कधी आवडलं नाही.

माझ्या वडिलांच्या रेल्वेत बदल्या होत, म्हणून मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले आणि सुट्ट्यांत पुलगावला राहिले. मॅट्रिकनंतर विषमज्वर झाला आणि कॉलेजचं एक वर्ष गेलं. ते वर्ष सगळं पुलगावात काढलं. त्या वर्षी गावात आलेला जवळजवळ प्रत्येक सिनेमा मी पाहिला, म्हणजे बहुतेक अर्धे. कोर्टाच्या एका सिनेमात खून कोणी केला हे मला आजही माहीत नाही. काकाजींना त्या वर्षी घोडेवाला फार आवडला. मालकाने विकलेला घोडा परत येतो आणि रडतो. तो मला पूर्ण पाहावा लागला. घोडा तीन वेळा रडला. दोन जावांच्या सिनेमात धाकटी इतकी सोशिक होती की मला थोरलीच बरी वाटू लागली, आणि तिचं वाईट झालं तेव्हा मी मनातून धाकटीवर चिडले. एका विनोदी सिनेमाला मी पोट धरून हसले, तोही मध्यांतरापर्यंतच.

आणि मशीनवाली. शिवणाचं मशीन चालवून घर चालवणारी बाई, नवरा घरी पडून असलेला, तोंडाचा तिखट. मध्यांतराच्या आधी ती काही न बोलता उठते, कपड्यांची ट्रंक घेते, मशीनचं डोकं काढून पदरात गुंडाळते आणि रस्त्यावर येऊन उभी राहते. दोन्ही बाजूंना पाहते. दिवे लागले. आमच्या बाकांवर शेंगदाणे खाणाऱ्या बायकांचे हात पुडीतच राहिले. मग पडद्यातून तोंड आत आलं आणि हाक आली. मी काकूला म्हटलं, मी थांबते. जन्मात पहिल्यांदा म्हटलं. काकू माझा दंड धरून हळूच म्हणाली, ‘चाल वं बेबी. लोकं पाहून राह्यले.’ मी गेले. बाहेर ऊन होतं. काकाजी पानवाल्याला सांगत होते की नवरा येऊन तिला घेऊन जाणार, लिहून ठेव.

ती बाई कुठे गेली, हे मला आठ दिवस दुसरं काही सुचू देईना. शेवटी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या गंगूबाईला विचारलं. तिने तो गुरुवारी पाहिला होता, जमिनीवर बसून, शेवटपर्यंत. भांडी विसळता विसळता तिने सगळं सांगितलं. ‘थे कुठीच जात नाई ताई. घराले वळसा घालते अन् त्याच घराच्या मांगच्या पडवीत मशीन मांडते. आता नवऱ्याले रातदिस मशीनचा आवाज ऐकू येते, पर बाई दिसत नाई.’ नवरा घ्यायला येतो का, विचारलं. ‘येते ना. बटन लावाले सदरा घेऊन येते. थे बटन लावून देते अन् पुढच्या गिऱ्हाइकाले बलावते.’ इतकं बोलून ती हसली. त्यानंतर त्या वर्षीचे सगळे उरलेले अर्धे मी गंगूबाईकडून ऐकले. कोर्टाचा तेवढा तिनेही पाहिला नव्हता.

दिवाळीच्या आधी मी एक लेख लिहिला. वर्षभरातले माझे आवडते आणि नावडते सिनेमे. इंग्रजीत मला भराभर लिहिता आलं असतं. मराठीत प्रत्येक वाक्यापाशी अडत होते, तरी मराठीतच लिहिला. आवडत्यांत पहिली मशीनवाली. खाली प्रामाणिकपणे लिहिलं, की हा मी अर्धा पाहिला आणि उरलेला आमच्या गंगूबाईने सांगितला, आणि तिने सांगितलेला अर्धा अधिक चांगला होता. नावडत्यांत पहिला घोडेवाला. मग मी एक मूर्खपणा केला. घरातलं काही बाहेर जायचं तर वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जायचं, या वळणात मी वाढलेली. लेख काकाजींना दाखवला. ते म्हणाले, ठेव, मी पाहतो. लाल पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसले आणि वर्ध्याला स्वतःच पाठवून दिला.

पाडव्याच्या दिवशी साप्ताहिक आलं. फराळाला माणसं जमलेली. काकाजींनी लेख मोठ्याने वाचला. वर माझं पूर्ण नाव होतं. आवडत्यांत पहिला घोडेवाला. नावडत्यांत पहिली मशीनवाली, आणि खाली लिहिलं होतं, की घरातून पाय काढणाऱ्या बाईला डोक्यावर घेण्याइतकी आपली रुची अजून खालावलेली नाही. त्या वाक्यातला एकही शब्द माझा नव्हता. गंगूबाईचं नाव तर कुठेच नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाले, पोरगी काकाजीवर गेली. काकाजींनी चकलीचा तुकडा मोडून मला दिला.

गंगूबाई आतल्या दारात ताटं घ्यायला उभी होती. तिने सगळं ऐकलं. मागे न्हाणीपाशी माझी वाट पाहत थांबली आणि विचारलं, ‘ताई, तुमाले तं आवडली होती ना थे?’ काय सांगणार होते? की माझ्या नावाने दुसरं कोणी बोललं? तिला ते खरं वाटलं नसतं, मलाच वाटत नव्हतं. ती ताटं घेऊन गेली. त्यानंतर तिने मला एकही सिनेमा सांगितला नाही. विचारलं तर म्हणायची, आम्हाला काय समजते.

त्या संध्याकाळी मी काकाजींपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, त्या लेखावर माझं नाव आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘तुयंच नाव ठेवलं ना? मायं कुठं घातलं?’ मी म्हटलं, मला ती आवडली होती. ‘लोकं हासले असते तुले. मी वाचवलं.’ आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. ते खोटं बोलत नव्हते. आपण माझ्यावर उपकार केले असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत असणार. लबाड माणसावर रागावणं सोपं असतं. काकाजींवर रागावताना मला दर वेळी आधी स्वतःची बाजू सिद्ध करावी लागे, आणि म्हणून तो राग गेला नाही. चार वर्षं मी दुसरं काही लिहिलं नाही. आता लोक मला भेटून सांगतात, काय जाणता माणूस होता, आणि मी मान खाली घालून ऐकते. आज लिहून टाकते. ते जाणते नव्हते. त्यांना कापूस कळत होता. सिनेमा त्यांना कळत नव्हता, आणि ज्यांना थोडाफार कळत होता त्यांना त्यांनी अर्ध्यातून उठवलं.

मागच्या रविवारी मी पुलगावला काकूकडे होते. काकूने वर्षभर थिएटरात पाय ठेवायचा नाही. मी गंगूबाईला विचारलं, येते का. तिने हातातलं ताट पुरतं घासलं, हात पुसले आणि आली. तिकिटं बाकांची काढली. ती आधी जमिनीकडे चालली होती, मी तिला शेजारी बसवून घेतलं. सिनेमा एका हरवलेल्या भावाचा होता. मध्यांतर झालं, दिवे लागले, पडदा ओढला गेला… आणि मी उभी होते. कोणी हाक मारली नव्हती. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय दुसरी शोधत होता. काकाजी माझ्या पायांत येऊन बसले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. बाकांवरच्या बायका बघू लागल्या. गंगूबाईने माझा पदर ओढला. ‘बसा ताई. कोनी बलावून नाई राह्यलं.’

मी बसले. दुसरा अर्धा पाहिला, शेवटपर्यंत. भाऊ सापडला, आंधळी आई गळ्यात पडली, दोघं रडली. घोड्यापेक्षा जास्त. काकाजी असते तर मध्यांतरालाच उठले असते, आणि या वेळी त्यांचं बरोबर ठरलं असतं, हे बाहेर येताना मला अतिशय झोंबलं.

स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर गंगूबाईने विचारलं, ‘कसा वाटला?’ चार वर्षांनी विचारलं. ‘पडला’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो मी गिळला आणि म्हटलं, ‘मला नाही आवडला. शेवटचा अर्धा तर मुळीच नाही.’

‘मले आवडला,’ ती म्हणाली.

मी काही दुरुस्त केलं नाही. का आवडला, एवढं विचारलं, आणि तिने रेल्वेच्या फाटकापासून घरापर्यंत सांगितलं.