साडूचा ड्रोन आणि चुन्याची रेघ

माझ्या साडूनं ड्रोन घेतल्याची बातमी बायकोनं मला भाकरी थापता थापता दिली. तिच्या आवाजात इतका गोडवा होता, की तव्यावरची भाकरी आपोआप फुगली असती.

"धाकट्या पाव्हण्यांनी इमान घेतलंय. बारकंच हाय, पण उडतंय लई!"

"घेऊ दे की," मी म्हणालो आणि हिरवी मिरची देठासकट चावली.

माझी जळजळ कळायला माझा धंदा कळायला हवा. वडवणीच्या आसपास कुठंही लग्न असलं, की माईक माझ्या हातात असतो. कोणत्या पुढाऱ्याला आधी शाल, कुणाला फेटा, कुणाला नुसता नारळ, हे मी ठरवतो आणि असं ठरवतो की नुसता नारळ मिळालेलासुद्धा छाती काढून खाली उतरतो. मंगलाष्टकंही मीच म्हणतो. आमच्याकडे अक्षता तांदळाच्या नसतात, पिवळ्या रंगवलेल्या ज्वारीच्या असतात. मी 'सावधान' म्हणायचा अवकाश, की मांडवभर हात एकदम वर जातात. एका शब्दावर इतके हात उठवणारा दुसरा माणूस आमच्या तालुक्यात नाही. म्हणजे नव्हता.

साडू कडा गावचा. मिशी बारीक, गॉगल मोठा. ड्रोन उडवायचं रीतसर शिक्षण घेतलेला, प्रमाणपत्र जवळ बाळगणारा. पहिल्यांदा आमच्या गावच्या लग्नात आला तेव्हा भर मांडवात माझ्या पाया पडला. उर्मट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पहिलं मंगलाष्टक संपवलं, श्वास भरला आणि 'सावधान' म्हणालो. त्याच क्षणी मांडवाच्या उघड्या मधल्या भागावर ते यंत्र घोंघावत आलं. माना वर गेल्या. हातही वर गेले. अख्ख्या मांडवानं अक्षता टाकल्या त्या ड्रोनवर! नवरा-नवरी कोरडेच. ज्वारी खाली आली ती पाहुण्यांच्या फेट्यांवर, आणि काही दाणे पंख्यात गेले म्हणून ड्रोन डुलत डुलत वरणाच्या कढईशेजारी उतरला. हातभर पलीकडे उतरला असता तर वऱ्हाडाला वरणात काय काय मिळालं असतं, देव जाणे.

मला वाटलं, आता लोक त्याला झोडपतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यातच सरपंचांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्यात माईक माझा. पण सरपंच मला पारावर गाठून म्हणाले, "भाऊ, यंदा माईकचं जरा थोडक्यात आटपा. ड्रोनवरून फुलं पडणार हायती. लोकांचं ध्यान वरच ऱ्हानार."

थोडक्यात! माणसाला घोट घोट प्या म्हणावं आणि तांब्या काढून घ्यावा, तसं झालं. आज थोडक्यात, उद्या नकोच.

मग मी ग्रामसभेत उभा राहिलो. "ड्रोनला नियम पायजेत," असं ठणकावून सांगितलं. माझ्या पोटात काय जळत होतं ते पोटातच ठेवलं.

ग्रामसेवक हसले. "आभाळ आपल्या हद्दीत येत न्हाई भाऊ. तिथलं दिल्लीला ठरतं. नोंदणी, परवानगी, सगळं तिकडं."

"आभाळ दिल्लीचं असू द्या साहेब," मी म्हणालो. "पण ते पडणार कुणाच्या डोक्यावर? दिल्लीच्या?"

सभा हसली. मला चढली. तेवढ्यात मागून मेंढ्या राखणारे एक आजोबा उठले. "त्या दिशी वरून गुणगुणलं आन् माजी मेंढरं बिचकून पार वढ्यापल्याड गेलती. म्या कावून पळायचं त्यांच्या मागं या वयात?" मग एक बाई बोलली, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. "न्हाणीला आमच्या वर पत्रा न्हाई. वर डोळा फिरतोय म्हणल्यावर आमी आंघोळ कुठं करावी?"

खरं सांगतो, हे दोन्ही मुद्दे माझ्या डोक्यात नव्हते. पण उसना दारूगोळाही फुटतोच. मी दोन्ही उचलले आणि भाषण ठोकलं. खेळायला उडवणाऱ्यानं आपल्या शेतात, आपल्या नजरेसमोर उडवावं, त्याला कुणी आडकाठी करू नये. कामासाठी उडवणाऱ्याला मात्र जबाबदारी जास्त. खेळाला आणि कामाला एकच नियम लावणं म्हणजे सायकलला आणि उसाच्या ट्रॉलीला एकच ब्रेक बसवणं. औषध फवारायचं असेल तर शेजारच्या रानाला आदल्या दिवशी सांगावं आणि वारा बघावा. कुणाच्या अंगणावर विचारल्याशिवाय जाऊ नये. जनावरांपासून लांब. गर्दीच्या डोक्यावर तर नाहीच नाही. आणि उडवणारा माणूस सगळ्यांना दिसेल असा उभा राहावा, कारण नुकसान झालं तर शिव्या द्यायला तोंड समोर लागतं.

हे सगळं मला आजही पटतं. मत्सरातून निघालं म्हणून ते खोटं ठरत नाही.

शेवटी मी दोन वाक्यं हळूच सरकवली. गावात लग्नाला ड्रोन उडवायचा तर मांडवाबाहेर, चुन्याच्या रेघेच्या आत. आणि माईकवरून सांगितल्यावरच उडायचं, माईकवरून सांगितलं की उतरायचं. सभेनं हात वर केले. माईक कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

साडूला कळवलं, तर तो म्हणाला, "लई चांगलं केलं साडूभाऊ. मी तर आधीच गर्दीवरून उडवायचं सोडलंय. त्या वरणानं डोळं उघडलं."

सरपंचांच्या मुलीच्या लग्नात मी सत्कार असे लांबवले, की नवरदेवाच्या आत्याच्या जावेचे भाऊसुद्धा शाल घेऊन गेले. साडू बाहेर उन्हात, चुन्याच्या चौकोनात हात जोडून उभा. शेवटी सरपंचांनी डोळे वटारले. मी घोषणा केली, "आता मांडवाबाहेर, नियमानुसार, ड्रोन!"

आणि मांडव उठला! ड्रोन आत येऊ शकत नाही म्हटल्यावर माणसं बाहेर गेली. खुर्च्या मोकळ्या, आचारीसुद्धा झारा घेऊन पळाले. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, मधे भटजी आणि माईकवर मी. मीच काढलेल्या रेघेभोवती अख्खं वऱ्हाड मूठभर अक्षता घेऊन उभं.

"मुहूर्त चालला," भटजी म्हणाले.

नवरीनं मान वाकडी करून विचारलं, "काका, माझ्या लग्नाला कोणीच न्हाई का हो?"

तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि माझी सगळी नाटकं संपली. मी माईक तोंडाशी नेला. "ड्रोनवाल्यांनी यंत्र ताबडतोब उतरवावं."

साडूनं क्षणभरही उशीर केला नाही. ड्रोन चौकोनात बसला. लोक कुरकुरत, मला दोन-चार शेलके शब्द देत आत आले. मग मी म्हणालो ते 'सावधान' वडवणीपर्यंत ऐकू गेलं असणार. ज्वारीचा एकही दाणा इकडंतिकडं गेला नाही. नवरी पिवळी झाली आणि हसली.

माईक वाचला. जेवणाच्या पंगतीत सरपंच माझ्याकडं येताना दिसले, तेव्हा मी कौतुक घ्यायला पाठ सरळ केली. ते पुढं गेले आणि साडूच्या पाठीवर थाप मारली. "माणूस असावा तर असा! एका शब्दावर इमान खाली!"

तेव्हापासून तो 'नियमाचा ड्रोनवाला' म्हणून जिल्ह्यात गाजतोय. नियम माझे, गाजतोय तो! आणि हा भला माणूस प्रत्येक घरी सांगतो, "माईकवर आमचे साडूभाऊ असतील तरच मी उडवतो." म्हणून आता आम्ही एकाच जीपमधून लग्नाला जातो. तो पुढं, गॉगल लावून. मी मागं, आणि ड्रोनची पेटी माझ्या मांडीवर.

"दचके बसतील साडूभाऊ, घट धरा," तो म्हणतो.

मी घट्ट धरतो. खड्डा दिसला की मनात येतं, पण धरतो.