घरच्या नावांची यादी

आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पोस्टमास्तर म्हणतात. जिन्याखालची खोली, दोन पंखे, त्यातला चांगला यंत्राकडे वळवलेला. यंत्राला धूळ चालत नाही आणि यांना माणसं.

त्या यंत्रात डोमेनची, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावांची, एक यादी आहे. यादीतली नावं घरची. त्यांची पत्रं यंत्र आपल्याच पेट्यांत टाकतं. बाकीची बाहेर धाडतं. एकोणीस वर्षांत त्यांनी त्या यादीला दुसऱ्याचं बोट लागू दिलेलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी आमची एक शाखा वेगळी झाली. तिने स्वतःचा सर्व्हर घेतला. पोस्टमास्तरांची धाकटी बहीण तिथली ग्रंथपाल. निरोपाच्या दिवशी हे तिला सगळ्यांदेखत म्हणाले, "जा, तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या सकाळी माफीचं पत्र लिहिलं. उत्तर नाही. फोन करायला मानीपणा आडवा आला. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र लिहिलं, वाचणाऱ्याच्या अंगाची आग व्हावी असं. त्यालाही उत्तर नाही. तेव्हापासून हे घुमेच.

परवा माझ्यासमोरच परीक्षा विभागाच्या बाई तणतणत खोलीत आल्या. "शाखेतलं कुणी उत्तरच देत नाही हो! विचारलं तर म्हणतात, पत्रच नाही आलं."

पोस्टमास्तरांनी यादी उघडली. शाखेचं नाव तसंच होतं. आमच्याकडून निघालेलं एकही पत्र उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं. सगळी जुन्या पेट्यांत पडून होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यांनी नाव काढलं. आता अडकलेली पत्रं पुढे धाडायची. बहिणीच्या पेटीत यांची दोन.

मीच म्हटलं, "दुसरं पुसून टाका की. कोणाला कळतंय?"

"पेटीत पडलं की पत्र ज्याच्या नावाचं त्याचं," ते म्हणाले. अडेलतट्टू माणूस, पण त्या वेळी मला त्याचा आदर वाटला. सगळी पत्रं गेली.

अर्ध्या तासाने फोन आला. त्यांनी तो कानापासून लांबच धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"दादा, नवीन पत्र वर दिसतं, माहितेय ना? मी वरचंच आधी वाचलं."

"मग?"

"मग रडले. मग खालचं वाचलं. रविवारी येते. आधी भांडणार, मग जेवणार."

"ये," ते म्हणाले. "भांडायला सकाळीच ये."