ढगांच्या घड्या घालणारी म्हातारी

जादूटोण्याच्या कादंबऱ्या मी वाचत नाही, हे तुम्हा दोघा नातवंडांना माहीत आहे. एकच वाचली, तीही दोनदा, कारण पहिल्यांदा चुकीची वाचली. हे लिहिते आहे ते मोठीसाठी, म्हणजे तुझ्यासाठी. धाकट्याने नुसतं ऐकावं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत माझ्या हातून फक्त शेरे उमटतात. बाबांकडून वाचून घ्या. रविवारी ते मोकळे असतात म्हणे.

खराडीचा हा फ्लॅट तुमच्या बाबांनी घेतला, कारण ऑफिस इथून चालत दहा मिनिटांवर. वर्षभरात ऑफिसने त्यांना दोन वर्षांसाठी अमेरिकेला धाडलं. ती दोन वर्षं अजून चालू आहेत. ऑफिस जागेवरच आहे, माझ्या खिडकीतून दिसतं. फ्लॅट बंद राहू नये म्हणून मी गावातलं घर सोडून इथे राहायला आले.

तू नऊ वर्षांची असताना तुम्ही सगळे डिसेंबरात आला होतात. निघताना गाडीत बसलीस, पुन्हा उतरलीस आणि माझ्या हातात एक जाड पुस्तक कोंबलंस.

"आजी, हे तुझ्यासाठी. पूर्ण वाच हं. मग मी प्रश्न विचारणार."

"परीक्षा घेणार का माझी?"

"हो! एकच प्रश्न."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. वर येऊन मी लगेच पुस्तकाला खाकी कव्हर घालायला बसले. आमच्या घरात कव्हर घातल्याशिवाय पुस्तक उघडत नसत, आणि कव्हरची घडी आत चांगली चार बोटं लागते, नाहीतर सुटते. त्या दिवशी डोळ्यांना सारखं पाणी येत होतं म्हणून चष्मा काढून ठेवला होता. हातांना सवय आहे, चष्म्यावाचून अडलं नाही. आत, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात काही लिहिलं असेल असं मनातही आलं नाही.

मग पेन्सिल घेऊन वाचायला बसले. एक शिकाऊ जादूगार, भूक लागली की मंत्र विसरणारा. एक पडसं झालेला ड्रॅगन, तो शिंकला की गावातल्या चुली पेटतात. गावाबाहेर एक म्हातारी चेटकीण, ती ढगांच्या घड्या घालून कपाटात ठेवते, वाऱ्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावते आणि दारात आलेल्या प्रत्येकाची नखं तपासते. कोणी कितीही लांब भरकटलं तरी रात्रीच्या जेवणाला घरी हजर. याचाच मला सर्वांत राग आला. घरी परत येणं इतकं स्वस्त असतं का? समासात मी तीन ठिकाणी लिहिलं, 'असे घडत नाही.' ते वाक्य मी कोणाला सुनावत होते, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, लेखकालाच.

रविवारी तुझा फोन आला.

"आजी, वाचलंस?"

"वाचलं. कागद समोरच आहे, ऐक. पहिला मुद्दा, ड्रॅगनचं पडसं सातव्या प्रकरणात बरं होतं आणि आठव्यात तो पुन्हा शिंकतो. दुसरा मुद्दा..."

तू सगळे मुद्दे ऐकून घेतलेस. मग हळूच विचारलंस, "आणि ती ढगवाली म्हातारी?"

"ती कशाला घातली आहे कोण जाणे. सारख्या सूचना आणि डबे-बरण्या. तिला काढून टाकलं तर पुस्तकाचं काही अडणार नाही."



"ओके, आजी. बाबांना देते."

मुलीला टीका समजते, असं मला वाटलं. शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्यानंतर दर रविवारी "हाय आजी, जेवलीस का?" आणि "बाय आजी" यांच्यामध्ये तुझ्याकडून काही आलं नाही. मी तुझ्या आईला दोष दिला, तिथल्या शाळेला दिला, फोनच्या खरखरीला दिला.

यंदा कपाट आवरताना त्या पुस्तकाचं कव्हर कडेने फाटलेलं दिसलं. नवं घालावं म्हणून जुनं सोडवलं. घडीखाली, पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात, जांभळ्या स्केचपेनने लिहिलं होतं: 'आजी, ढगवाली म्हातारी म्हणजे तू. कोणत्या पानावर ओळखलंस ते सांग.' अक्षर देवनागरी, डोक्यावरच्या रेघा पट्टीने मारलेल्या. नऊ वर्षांच्या, तिकडे वाढलेल्या मुलीला दोन ओळींना किती वेळ लागला असेल!

त्याच दिवशी मी होऊन फोन केला. तू कॉलेजात होतीस, मागे खूप आवाज होते.

"अगं, तुझं ते पुस्तक..."

"कुठलं पुस्तक, आजी?"

"ड्रॅगनचं. पडसं झालेल्या."

"अं... आठवत नाही गं. अर्जंट आहे का? क्लासला चाललेय."

अर्जंट नव्हतं. बारा वर्षं थांबलं होतं.

त्या आठवड्यात ते पुस्तक पुन्हा वाचलं, पेन्सिल न घेता. ड्रॅगनच्या शिंकेला हसू आलं. म्हातारीपाशी आले तेव्हा मात्र हसू आलं नाही. सारं गाव तिला भितं, आणि तो भुकेला पोरगा तेवढा रोज नखं दाखवायला तिच्याकडे जातो. जाताना ती त्याच्या खिशात एक लहानसा ढग घालते, उन्हात लागेल म्हणून. हे मी पहिल्यांदाही वाचलं असणारच, कारण पानावर माझी खूण आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पान बेचाळीस. चिठ्ठी लावलेल्या बरण्या आहेत तिथेच, पहिल्याच ओळीत ओळखायला हवं होतं. त्याच पानाच्या समासात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे, 'हिचे इथे काय काम?' मी ते खोडून पाहिलं. शिसं गेलं, पण पेन्सिल इतकी दाबून धरली होती की कागदावर शब्द उमटलेलेच आहेत, आणि पान उजेडात धरलं की वाचता येतात.