क्लच दाबणारी मांडी

डाव्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, पहिला संशय आला तो डॉक्टरांचा. हा पाय आपला नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत पडलं. सांगवीला आमच्या बांधावरून घसरले तेव्हा मांडी चांगली भरलेली होती. आता तिच्या जागी शेवग्याची शेंग. बारामतीच्या दवाखान्यात दोन्ही पाय शेजारी ठेवून त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना दाखवले.

मी इंदापूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. स्नायू म्हणजे कडब्याची पेंढी, मी सांगितलं. आत तंतूंचे जुडगे, तंतूंच्या आत आणखी बारीक धागे. ते एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो आणि पाय हलतो. बसवून ठेवला की तंतू बारीक होतात, राबवला की जाड. हृदयाचे आणि आतड्याचे स्नायू वेगळे, ते आपल्याला न विचारता काम करतात.

"म्हंजे ते दोघं बिनबोभाट राबत्यात," आबा म्हणाले, "आन ह्योच तेवढा कामचुकार निघाला व्हय?"

त्यांची खरी काळजी निराळीच होती. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाखाली, आणि आमचा क्लच फार जड. पाय प्लास्टरात गेल्यावर ड्रायव्हर लावला, पण तो क्लचवर पाय ठेवूनच चालवतो, त्यानं क्लचप्लेट झिजते, म्हणून आबांनी त्याला वाटेला लावलं. मग बांधावर खुर्ची टाकून, ओरडून ओरडून, त्यांनी आईला शिकवलं. तात्पुरतं हाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ती सीट त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. मला त्यांची दया यायची.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिला: पाय न हलवता मांडी आवळायची, सोडायची. आबांना पटेना. काही उचललं नाही, काही हललं नाही, मग याला काम कसं म्हणायचं? त्यापेक्षा त्यांनी उसाला लावतात तोच उपाय लावला, खतपाणी. अंडी, मटकी, शेंगदाण्याचे लाडू. मांडी होती तशीच राहिली, पोट तेवढं तरारलं.

शेवटी मी मॅडमना विचारलं, बंद ट्रॅक्टरवर बसून क्लच दाबला तर? चालेल, पण बेताबेतानं, त्या म्हणाल्या. मग आबा रोज दाबू लागले. आधी पाय थरथरायचा आणि पेडल ढिम्म. आबा पायाला आडमुठ्या बैलासारख्या शिव्या द्यायचे. हळूहळू पेडल खाली जाऊ लागलं. ते तळाला टेकलं त्या दिवशी आबांनी चहा सांगितला आणि जाहीर केलं, उद्या ढेकळं फोडायला रोटर आपण मारणार.

सकाळी रानात गेलो तर आई आधीच सीटवर. पदर खोचलेला, इंजिन सुरू.

"उतर आता," आबा म्हणाले. "मांडी भरली माझी."

आईनं क्लच तळापर्यंत दाबला आणि गिअर टाकला.

"माझी बी भरलीया की," ती म्हणाली. "तुमी मडगार्डवर बसा. नीट धरून बसा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. राबवला की स्नायू जाड होतो, हे मीच सांगितलं होतं. आता कुणाची बाजू घेणार? ते डावा पाय टेकवून, कुणाचा हात न धरता वर चढले, मडगार्डवर बसले आणि क्लचवर पाय ठेवून चालवू नको, एवढं तिला बजावलं. ती तशी कधीच चालवत नव्हती.